टायरची नक्षी शाबूत आहे, पण वय किती?

ज्या उन्हात आपल्या दोंडाईच्याची मिरची कडकडीत वाळते, त्याच उन्हात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्यांचे टायरही वाळत असतात. मिरची वाळलेली डोळ्यांना दिसते, हाताला कळते. टायर वाळलेला दिसत नाही. तो काळा होता तसा काळाच राहतो. धुळे, नंदुरबार, जळगाव या आपल्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि डांबरी रस्ता त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्या तव्यावर आपली गाडी चार तळहातांएवढ्या जागेवर टेकलेली असते. चारही चाके मिळून जमिनीला लागते ती जागा एवढीच. घरची पाच-सहा माणसे त्या जागेच्या भरवशावर बसलेली असतात.

हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानासाठी का निवडला, असे वाचकांना वाटेल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या वस्तीत चारचाकी गाडी म्हणजे लग्नाला भाड्याने आणलेली जीप. आता तसे नाही. कुणी शिपाई आहे, कुणी शिक्षक, कुणी सूतगिरणीत, कुणी मार्केटात हमाली करून पोराला शिकवले आणि पोरगा नोकरीला लागला. पाच-दहा वर्षे वापरलेली छोटी गाडी लाख-दीड लाखात मिळते, हप्ताही बसतो. दारात गाडी उभी राहिली की म्हातारीला दवाखान्यात न्यायला कुणाच्या हातापाया पडावे लागत नाही. हा आनंद मोठा आहे आणि तो आम्ही मुळीच कमी लेखत नाही. परंतु आपण गाडी विकत घेताना रंग पाहतो, इंजिनचा आवाज ऐकतो, सीटचे कव्हर पाहतो, टेपरेकॉर्डर लावून बघतो. खाली वाकून टायर कोण पाहतो? पाहिलाच तर बोटाने नक्षी चाचपतो आणि ‘टायर चांगले आहेत’ म्हणून मोकळा होतो. आम्हीही तेच केले होते.

आमच्या भाचीच्या घरी २०२२ सालच्या दिवाळीत अशी एक गाडी आली. मूळ मालक निवृत्त अधिकारी. अकरा वर्षांत गाडी जेमतेम सव्वीस हजार किलोमीटर चाललेली. सगळ्यांनी जावयांचे अभिनंदन केले. “मामा, साहेबांची गाडी आहे, नुसती उभी होती,” असे भाची कौतुकाने म्हणाली. नुसती उभी होती, हाच तिचा दोष आहे हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही कारकून माणूस, बी.कॉम.पर्यंत शिकलेले, हिशेबाच्या वह्या तपासण्यात जन्म गेला. कमी चाललेली वस्तू म्हणजे नवी वस्तू, असा सरळ हिशेब आम्ही मांडला.

मे २०२३ मध्ये धुळ्याला एका नातलगाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जायचे होते. गाडीत जावई, भाची, त्यांची दोन लेकरे, आमची थोरली बहीण आणि आम्ही. लेकरे धरून सहा जण, म्हणजे गाडीच्या मानाने एक माणूस जास्तच. सकाळी लवकर निघायचे ते घरातल्या घरात अकरा वाजले. चिमठाण्याच्या अलीकडे मागून गाडीखाली कुणी फटके मारावेत तसा धडधड आवाज येऊ लागला. रस्ता खराब असेल असे आम्ही म्हणालो. जावई म्हणाले, “रस्ता तर बरा आहे.” एवढे बोलणे होते न होते तोच मोठा आवाज झाला आणि गाडीचा मागचा भाग सापाच्या शेपटासारखा डावीकडे-उजवीकडे हलला. वेग पन्नासच्या आसपास होता. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर किंवा ट्रक येत नव्हता. जावयांनी घाबरून ब्रेकवर उभे न राहता स्टिअरिंग घट्ट धरले आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली. ही त्यांना कुणी शिकवलेली गोष्ट नव्हती. पाय लटपटत होता म्हणून ब्रेक दाबला गेला नाही, असे ते नंतर स्वतःच हसत सांगत. पण तेच बरोबर ठरले. टायर फुटला असता जोरात ब्रेक मारणे म्हणजे गाडी उलटण्याला आमंत्रण. अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे, वेग कमी झाल्यावरच कडेला घ्यायचे.

खाली उतरून पाहिले तर मागच्या डाव्या टायरची वरची पट्टी केळीच्या सालीसारखी सोलून निघाली होती आणि आतल्या बारीक तारा बाहेर आल्या होत्या. नक्षी मात्र त्या सोललेल्या सालीवरही जशीच्या तशी! स्टेपनी लावून हळूहळू पुढच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत गेलो. दुकानदार म्हाताऱ्या चाचांनी फुटलेला टायर पायाने फिरवला, ओल्या फडक्याने एक जागा पुसली आणि आम्हाला म्हणाले, “नक्षी काय देखी राह्यनात भाऊ? टायरनं वय देखा.” तिथे चार आकडे उमटलेले होते: ४७१०.

आता हे चार आकडे म्हणजे काय ते वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण सगळ्या लेखात कामाची गोष्ट हीच आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीवर इंग्रजीत डी, ओ, टी ही तीन अक्षरे असतात. त्यांच्या पुढे काही अक्षरे-आकडे आणि शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे. पहिले दोन आकडे म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ४७१० म्हणजे २०१० सालचा सत्तेचाळिसावा आठवडा, अर्थात नोव्हेंबर महिना. ३५१७ असेल तर ऑगस्ट २०१७ ची अखेर. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. असा टायर दिसला तर गाडीतून उतरून चालत घरी जावे. एक अडचण अशी की, पूर्ण आकडा पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो. बाहेरच्या बाजूला सापडला नाही तर गाडीखाली डोके घालून आतल्या बाजूला पाहावे लागते. कपडे मळतात, पण पैसे लागत नाहीत.

चाचांनी मग स्टेपनीचा आकडा पुसून दाखवला. तीही २०१० चीच! कधी जमिनीला न लागलेली, रबराचे बारीक केस अजून अंगावर असलेली, आणि वयाने फुटलेल्या टायरची जुळी बहीण. “चाळीसच्या वर जाऊ नका,” त्यांनी बजावले. उरलेला सारा रस्ता मागच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत आम्ही तसेच गेलो. बहीण सबंध वाट एक शब्द बोलली नाही.

न वापरलेला टायर म्हातारा कसा होतो? रबर ही जिवंत वस्तू नव्हे, पण हवेतला प्राणवायू त्याला आतून-बाहेरून खात असतो. त्याने रबराची लवचीकता जाते आणि ते ठिसूळ होते. घरात पडून राहिलेले रबर बँड आठवा; ओढले की तुटतात. उष्णता जितकी जास्त तितके हे काम जलद चालते. टायर बनवताना रबरात मेणासारखी संरक्षक द्रव्ये घातलेली असतात. टायर चालत असतो, दबत-फुगत असतो, तेव्हा ती द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात आणि उन्हापासून, हवेपासून थोडाफार बचाव करतात. गाडी नुसती उभी राहिली तर तेही होत नाही. टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे एकावर एक बसवलेले असतात आणि त्यांना धरून ठेवणारे रबर आत खोलवर असते. ते वाळले की पट्टे एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. दिसलेच तर बाजूच्या भिंतीवर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगा, उन्हाळ्यातल्या काळ्या शेतासारख्या. किंवा एखाद्या जागी फुगवटा. धडधड आवाज आणि स्टिअरिंगचा थरथराट ही शेवटची सूचना असते. आम्हाला ती मिळाली होती, आम्ही रस्त्याला दोष दिला.

टायरचे आयुष्य किती, यावर जगभर एकमत नाही. पुष्कळ मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर बदला म्हणतात, मग नक्षी कितीही असो. टायर बनवणाऱ्या कंपन्या साधारणपणे दहा वर्षे ही शेवटची हद्द मानतात, तीही पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घेण्याच्या अटीवर. आमचे मत विचाराल तर खानदेशच्या उन्हात सहा वर्षे ही मर्यादा धरावी आणि दहाचे नाव काढू नये. उन्हाचा संबंध अमेरिकेतही दिसून आला आहे. ऑगस्ट २००० मध्ये तेथे फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर या मोठ्या गाडीच्या टायरची वरची पट्टी धावता धावता सोलून निघत होती आणि गाड्या उलटत होत्या. दोनशेहून अधिक माणसे त्यात गेली. त्या टायरच्या बांधणीतच दोष होते हे खरे. पण अपघात अधिक झाले ते टेक्सास, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा अशा तापणाऱ्या राज्यांत, उन्हाळ्याच्या दिवसांत, लांबच्या वेगवान प्रवासात.

ब्रिटनची हकीकत मात्र नुसत्या वयाची आहे. १० सप्टेंबर २०१२ रोजी दक्षिण इंग्लंडमध्ये एका संगीत महोत्सवाहून लिव्हरपूलकडे परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला. बस झाडावर आदळली. चालक आणि दोन तरुण प्रवासी दगावले. त्यातला मायकल मॉलॉय हा अवघा अठरा वर्षांचा होता. चौकशीत निघाले की, तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता. बसपेक्षा टायर जुना आणि मेलेल्या मुलापेक्षाही टायर जुना! नक्षी मात्र नियमात बसत होती, म्हणून कायद्याने कुणाला काही विचारता येत नव्हते. मायकलच्या आईने, फ्रान्सिस मॉलॉय यांनी, हा प्रश्न सोडला नाही. निवेदने, खासदारांच्या भेटी, मंत्र्यांकडे खेटे असे आठ-साडेआठ वर्षे चालले. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर लावण्यास बंदी झाली. मिनीबसच्या एकेरी चाकांनाही ती लागू झाली. आपल्या भगिनींनी ही बाई लक्षात ठेवावी.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये नियम ९४ टायरच्या स्थितीबद्दल आहे. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. खाचांमध्ये ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. झिजेचा नियम आहे, वयाच्या वर्षांचा नाही. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. मधल्या काळात पी.यू.सी.वाला धूर तपासतो, विमावाला हप्ता घेतो, टायरकडे पाहण्याचे कुणाचेच काम नसते. ते आपलेच.

समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत, ७०१ किलोमीटर, पूर्ण खुला झाला. नागपूरला जाणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण सिमेंटचा सरळ रस्ता, ऊन आणि तासन्‌तास शंभर-एकशेवीसचा वेग ही टायरची खरी परीक्षा असते. चिमठाण्याच्या रस्त्यावर जो टायर पन्नासच्या वेगाने फुटला तो तिथे एकशेवीसने फुटता, तर हा लेख दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता. २०२३ मध्ये परिवहन विभागाने या महामार्गावर चढतानाच टायर तपासून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवण्याची मोहीम घेतली, ती योग्यच होती.

मात्र एक सावधगिरी. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मृत्युमुखी पडले. ‘टायर फुटला’ असे चालकाने सांगितले आणि दिवसभर तेच सगळीकडे ऐकू आले. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही असे नमूद झाले. रस्त्यावर रबराचे तुकडे नव्हते की खुणा नव्हत्या. म्हणजे टायर खरोखर फुटतात तसे ते खोट्या साक्षीतही फुटतात. झोप, वेग, दारू, मालकाने लादलेल्या जादा फेऱ्या या सगळ्यांवर पांघरूण घालायला टायर सोयीचा, कारण तो बोलत नाही. म्हणून अपघातानंतर टायर जपून ठेवणे, त्यावरच्या आकड्याचा फोटो काढणे हेही भरपाईच्या दृष्टीने उपयोगाचे असते.

दोंडाईच्याहून समृद्धीला लागायचे तर धुळे, चाळीसगाव आणि कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरकडे जावे लागते. चाळीसगाव आले की आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना टांग्याची आठवण होते. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले होते. महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी कसे न्यायचे, म्हणून लोकांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेल्या माणसाने लगाम धरला. पुलावर चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा-गाडी नदीत गेली. पाहुण्याच्या मानासाठी त्याचा जीव धोक्यात घातला गेला, हे बाबासाहेबांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. त्या लोकांना पर्याय नव्हता. आज आपल्याला आहे, तरी ‘वऱ्हाड स्वतःच्या गाडीने गेले पाहिजे’ या मानापोटी आपण टायरकडे डोळेझाक करतो.

हवेबद्दल दोन शब्द. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त तापते आणि तापूनच फुटते. गाडीत माणसे आणि सामान जास्त असेल तर आणखीच. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते. तेवढी सकाळी, टायर थंड असताना भरावी, आणि स्टेपनीत भरायला विसरू नये.

भाड्याच्या गाड्यांबाबत तर अधिक जागरूक राहायला हवे. ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला, दसऱ्याला दीक्षाभूमीला आपण वर्गणी काढून जीप ठरवतो. दर ठरतो, डिझेल कुणाचे ते ठरते. त्याच वेळी पाचही टायरांचे आकडे पाहून घ्यावेत. गाडीवाला चिडला तर दुसरा पाहावा. बाजारात काळे पॉलिश मारलेले जुने टायर मिळतात, गोटा टायरवर तापलेल्या हत्याराने नव्या खाचा पाडूनही विकतात. त्यांच्याही अंगावर तो आकडा असतोच, आणि आकडाच खरवडलेला असेल तर टायर घेऊच नये. ट्रक-बसला मागे रिमोल्ड टायर चालवतात तो प्रकार वेगळा, त्यात चांगल्या कारखान्याचे काम टिकाऊ असते. छोट्या गाडीला आम्ही त्याचा सल्ला देणार नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. छोट्या गाडीचा एक टायर तीन-चार हजारांच्या घरात. चारांचे ऐकून जावयांचा चेहरा उतरला. “एक तर फुटलाच आहे, तेवढा घेऊ. बाकीचे दिवाळीला पाहू,” ते म्हणाले. आम्हीही मान डोलावली असती. शाळा सुरू होण्याचे दिवस, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च समोर होता. भाची मात्र ऐकेना. “मामा, तिघे एकाच दिवशी जन्मलेले आहेत. एक गेला, आता दुसरा कधी जाईल ते सांगा, मग थांबते.” आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने बचत गटातून दहा हजार उचलले, उरलेले जावयांनी घातले, आणि जूनमध्ये चारही टायर बदलले. दुकानदाराने आधी दाखवलेले टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले. भाचीने वाकून आकडा वाचला आणि ते परत ठेवायला लावले. जुनी स्टेपनी तिने दुकानातच टाकली, पण नवी पाचवी घ्यायला पैसे पुरले नाहीत. ती पुढच्या पगाराला घेतली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सगळे दीक्षाभूमीला जाऊन आले. वेग ऐंशीच्या वर न्यायचा नाही, अशी अट बहिणीने घातली होती. घरी लेकरांच्या लसीकरणाचे कार्ड ज्या पिशवीत आहे, त्याच पिशवीत भाचीने एका कागदावर पाचही टायरांचे आकडे लिहून ठेवले आहेत. चारांचा ०९२३, स्टेपनीचा १९२३. खाली तिच्याच अक्षरात लिहिले आहे: फेब्रुवारी २०२९.